माळरानावर ठमीसोबत

पाडवा झाला, मार्चअखेरचे हिशेब मिटले आणि लग्नसराईची गर्दी अजून उसळायची असली, की आमच्यासारख्या कापडदुकानदाराच्या घराला वर्षातले पाच-सहा दिवस मोकळे मिळतात. एरवी या दिवसांत आम्ही कुंथलगिरीला जातो. एका वर्षी गिरनारही झाले. यंदा पुण्याहून आलेल्या लेकीने निराळाच बेत मांडला. घरची गाडी घ्यायची, तिनेच चालवायची, आणि फलटणपासून चार दिवस आपल्याच भोवतालच्या माळांवर आणि डोंगरांवर पायी हिंडायचे, पशुपक्षी पाहायचे. बरोबर आम्ही दोघी आणि तिची कुत्री ठमी.

"कुत्र्याला घेऊन कसली आली सहल?" हे म्हणाले. दुकान सोडून यांना यायचे नव्हतेच. पण प्रश्न खोटा नव्हता, आणि पुढचे चारही दिवस तो निरनिराळ्या रूपांत आमच्यासमोर येत राहिला.

ठमी गावठी जातीची. पुण्यात लेकीच्या इमारतीच्या पायऱ्यांखाली पावसात सापडलेले पिल्लू. आज चार वर्षांची, तांबूस रंगाची, उभ्या कानांची आणि बारीक कमरेची. फलटणला आली की तिचा मुक्काम मागच्या पडवीत. स्वयंपाकघराचा उंबरा ती ओलांडत नाही. हा नियम तिला कुणी शिकवला ते ठाऊक नाही. बहुधा माझ्या डोळ्यांनीच शिकवला असावा. आमच्याकडे ती ताक-भाकरी खाते. पुण्यात काय खाते हे मी विचारत नाही आणि लेकही सांगत नाही. आई-मुलीतील सलोख्यासाठी काही दारे लोटून घेतलेली बरी.

वसंत म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आम्रमोहर, कोकिळा आणि हिरवी पालवी येते. आमच्या पर्जन्यछायेच्या मुलखातला वसंत तसा नाही. सह्याद्रीचा घाट ओलांडून येता येता ढग रिकामे होतात आणि फलटण, बारामती, इंदापूर या पट्ट्याच्या वाट्याला उरलेसुरले शिंतोडे येतात. चैत्रात इथला माळ वाळून सोनेरी झालेला असतो. पवन्या आणि कुसळी गवताच्या काड्या उभ्या असतात, मधूनमधून हिवर, बोर आणि तरवड. सरकारी कागदांवर अशा कित्येक जमिनींना 'पडीक' असा शब्द आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत पडीक माल म्हणजे ज्याला गिऱ्हाईक नाही तो. या मालाचे गिऱ्हाईक कोण आहे, हे पाहायलाच आम्ही निघालो होतो.

पहिल्या पहाटे ताथवड्याचा संतोषगड चढलो. महादेव डोंगररांगेतला हा किल्ला फलटणकरांना नवा नाही, पण माझ्या गुडघ्यांना नवा होता. उन्हाच्या आधी चढायचे आणि नऊच्या आत खाली यायचे, असा लेकीचा शिरस्ता. तो माझ्यापेक्षा ठमीसाठी अधिक. तापलेल्या खडकावर आपल्या पायांत चपला असतात, तिच्या पायांत नसतात. डांबरी रस्त्यावर हाताचा पंजा उलटा ठेवून पाहायचा. आपल्याला चटका सोसवला नाही तर कुत्र्याला त्यावरून चालवायचे नाही. हे मला त्या दिवशी कळले आणि मग दुकानासमोरून भरदुपारी तळपायांवर उड्या मारत जाणारी कुत्री आठवली.

ठमीच्या गळपट्ट्याला पंधरा फुटांची दोरी होती. ती चारही दिवस एकदाही सोडली नाही. त्या दोरीच्या टोकाशी चालताना एक गोष्ट ध्यानात आली. आपण वाटेवर डोळ्यांनी चालतो, ती नाकाने चालते. गडाच्या अर्ध्या वाटेवर ती एकाएकी थांबली, उजवा पाय उचलून धरला आणि नाक वाऱ्याच्या दिशेने वळवले. आम्हांला काहीच दिसेना. दोन-तीन मिनिटे तशीच गेली. मग तटाच्या एका ढासळलेल्या दगडाने मान हलवली. ती घोरपड होती, ऊन खात पडलेली, दगडाच्याच रंगाची. एकटी असते तर मी तिला ओलांडून पुढे गेले असते. वर खडकात खोदलेले खोल टाके पाहिले, पांगाऱ्याचा उरलासुरला लाल बहर पाहिला. पण त्या सकाळची मिळकत म्हणजे ती घोरपडच.

दुसऱ्या दिवशी सुपे. बारामती तालुक्यातले मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या गावच्या शिवारापेक्षाही लहान; पण चिंकारा हरणांसाठी ते राखलेले आहे. चिंकारा पाणी फारसे पीत नाही, पाल्यातले आणि दवातले पाणी त्याला पुष्कळ दिवस पुरते. अंगाने शेळीएवढा, रंगाने मातीचा.

दारावरच्या माणसाने ठमीकडे पाहिले आणि नम्रपणे म्हणाला, "ताई, कुत्रं आत नाही नेता यायचं." लेकीला हे ठाऊक होते. आम्ही पाळी लावली: आधी ती आत, मी बाहेर, मग मी आत. गाडीत कुत्र्याला कोंडून दोघींनी जाण्याचा प्रश्नच नव्हता. चैत्राच्या उन्हात बंद गाडी थोड्याच वेळात भट्टी होते. म्हणून मी कुंपणाबाहेर, रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली बैठक मारली. झाड मोहरले होते. पाडव्याला आपण ज्याची कडू चटणी खातो, त्या मोहराचा वास इतका गोड असतो हे सावलीत तासभर बसल्याशिवाय कळत नाही.

त्या तासाभरात जे पाहिले ते आत गेलेल्या लेकीला दिसले नाही. समोरच्या कापणी झालेल्या ज्वारीच्या रानातून एक चिंकारा मादी धावत आली. तिच्यामागे तीन कुत्री. भुंकत नव्हती, एकमेकांत अंतर राखून धावत होती. एकाच्या गळ्यात लाल पट्टा होता, म्हणजे कुणाच्या तरी घरचे. मी ओरडत उठले, पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला की नाही कोण जाणे. पोचली ती ठमी. ती दोरी ताणून उभी राहिली आणि भुंकली. तिन्ही कुत्र्यांनी माना वळवल्या. हद्दीत परके कुत्रे दिसल्यावर हरणाचे भान त्यांना राहिले नाही; ती आमच्याकडे आली, दहा पावलांवर थांबून आम्हांला यथेच्छ शिव्या घालू लागली. तेवढ्यात चिंकारा कुंपणाच्या फटीतून आत शिरून दिसेनाशी झाली. तिचे पोट जड दिसत होते. या दिवसांत चिंकाराची पाडसे जन्माला येतात, असे आतल्या माणसाने नंतर सांगितले.

मी ठमीला शाबासकी दिली खरी, पण तिने ती परोपकाराने कमावली होती असे मला वाटत नाही. दोरी नसती तर ती त्या तिघांत चौथी झाली नसती, याची खात्री कोण देईल? लेकीला विचारले. ती म्हणाली, "म्हणून तर दोरी आहे, आई."

सायंकाळी अभयारण्याबाहेरच्या गायरानात थोडे चाललो. तिथे माळटिटवीच्या जोडीने आम्हांला अडवले. ही टिटवी उघड्या जमिनीवरच, चार खडे बाजूला सारून अंडी घालते. अंडी खड्यांच्याच रंगाची. एक पक्षी कर्कश ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागला. दुसरा पंख मोडल्यासारखा जमिनीवर घसटत पुढे पुढे जाऊ लागला, ठमीला आपल्यामागे ओढण्यासाठी. इतके हुबेहूब सोंग! ठमीला ते खरेच वाटले. आम्ही तिला आखडून घेतले आणि आल्या पावली मागे फिरलो. अंडी कुठे आहेत हे शोधण्याचा मोह होता. पण जी जागा आपण शोधतो ती आपल्या मागोमाग कावळाही शोधतो, हे लेकीने सांगितल्यावर तो आवरला.

एक गंमत इथे सांगायला हवी. वन्य प्राणी पाहण्याची उत्तम वेळ दोन्ही सांजांची, आणि आमची सूर्यास्तापूर्वी जेवून घेण्याची रीत. त्यामुळे रोज पाच वाजता, ऊन कलायच्या आत, आमचा डबा उघडे: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, खाकरे. ठमीची भाकरीही तेव्हाच. सगळे आवरून सहाला आम्ही मोकळ्या. इतर पर्यटक त्या वेळी चहा-भज्यांच्या टपरीवर असत आणि माळ आमच्या एकट्यांचा असे. रीतीचा असा लाभ होईल हे मला घर सोडताना सुचले नव्हते.

तिसऱ्या दिवशी इंदापूर तालुक्यातले कडबनवाडी. वनखात्याने २०२४ साली इथे आणि बारामतीकडच्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. गावातलीच मुले वाटाड्या म्हणून काम करतात. इथेही ठमीला मज्जाव. पहाटेची फेरी लेकीने केली, सायंकाळची मी. आणि त्या सायंकाळी, आयुष्यात प्रथमच, मी लांडगा पाहिला.

दोन होते. मी लहानपणापासून ऐकलेल्या लांडग्याचे डोळे लाल असत आणि तो कोकरू पळवण्यापूर्वी हसत असे. हे दोघे नुसते चालले होते. लांब पाय, अंग सडसडीत, तोंड किंचित उघडे, पाऊल हलके आणि एकसारखे, जणू पुष्कळ लांब जायचे आहे आणि घाई कसलीच नाही. एकाने थांबून आमच्याकडे पाहिले, निरुपयोगी ठरवले आणि तो गवतात उतरला. मागे राहिले ते काड्यांचे हलणे. माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट सांगते: हा तर आमच्या ठमीसारखा दिसतो.

दिसणारच. दोघांचे कूळ एक. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुके ताडून पाहिली, तेव्हा असे दिसले की पिष्ट पचवण्याची जी शक्ती कुत्र्यात वाढली आहे ती लांडग्यात नाही. माणसाच्या वस्तीजवळ, त्याच्या उष्ट्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगताना कुत्र्याचे पोट आपल्या अन्नाला सरावले. आपल्या भाषेत बोलायचे तर दोघांच्या मध्ये भाकरी आली. एकाने ती खाल्ली आणि तो अंगणात आला. दुसरा माळावर राहिला.

माळावर राहिलेल्याची आजची स्थिती अशी. २०२२च्या गणनेत देशातील वाघांची संख्या ३,६८२ धरण्यात आली. लांडग्यांची संख्या अभ्यासकांच्या अंदाजाने तीन हजारांच्या आसपास आहे. म्हणजे ज्याच्यासाठी आपण ताडोबाला जातो त्याच्यापेक्षा हा विरळ, आणि तो आमच्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर राहतो. त्याला जंगल लागत नाही, तो उघड्या माळाचा रहिवासी. माळ नांगरला गेला, कारखाने आले, रस्ते आले. आणि आणखी एक संकट असे आहे की ते ऐकताना मी गप्प झाले. ते संकट कुत्र्यांचे.

वाटाड्या मुलाने शांतपणे सांगितले. माळाच्या कडेला कुक्कुटपालनाच्या शेडांतली मेलेली कोंबडी टाकतात, कार्यालयांतले उरलेले अन्न टाकतात. त्यावर कुत्र्यांची टोळी पोसली जाते. पोट भरले तरी ती शिकार सोडत नाही. चिंकारा, ससा, जमिनीवरची अंडी, काही म्हणजे काही. खोकडाच्या बिळाशी ती बसून राहते. शिवाय रोग. गीरचे उदाहरण आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल, कारण गिरनारला जाताना जुनागढला आपण उतरतोच. २०१८च्या सप्टेंबरात तिथे थोड्या दिवसांत तेवीस सिंह दगावले आणि त्यांपैकी काहींच्या शरीरात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा विषाणू मुख्यत्वे कुत्र्यांत आढळतो. याची लस असते. ठमीला ती दरवर्षी टोचली जाते, रेबीजच्या लशीबरोबर. टोळीतल्या कुत्र्यांना कोण टोचणार? तिसरी गोष्ट सगळ्यांत विलक्षण. लांडग्याला लांडगा जोडीदार मिळेनासा झाला की तो कुत्र्याशी जोडी जमवतो. पुण्याजवळच्या माळावर असे मिश्र रक्ताचे प्राणी असल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे. हजारो वर्षांपूर्वी भाकरीने वेगळे केलेले दोन भाऊ उकिरड्यावर पुन्हा भेटत आहेत, आणि या भेटीत लांडगा संपत आहे.

रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. सासऱ्यांच्या काळापासून आमच्या दुकानासमोर रोज सकाळी बारा भाकऱ्या कुत्र्यांसाठी मोडल्या जातात. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मी थापते आहे. मुकी जनावरे उपाशी राहू नयेत, एवढाच त्यामागचा भाव. लेकीशी यावर बोलणे झाले, आणि आमचे एकमत झाले नाही. तिचे म्हणणे, ज्याला घास घालायचा त्याची लस आणि शस्त्रक्रिया हीसुद्धा घालणाऱ्याने पत्करावी. २०२३च्या नियमांत भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण हाच मार्ग सांगितला आहे. माझे म्हणणे, बाजारपेठेतले भुकेले कुत्रे आणि माळाच्या कडेची टोळी यांना एका मापाने मोजू नये. भूक समोर दिसत असताना कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत थांबा असे तिला सांगता येत नाही. अजूनही मला तसेच वाटते. पण त्या लाल पट्ट्याच्या कुत्र्यालाही कुणी तरी रोज प्रेमाने भाकरी घालत असणार, हे काही केल्या मनातून जाईना.

सकाळी गाडीवाटेने फिरताना ठमी एका वाळलेल्या विष्ठेशी थांबली. तीत केस आणि हाडांचे बारीक तुकडे होते. आदल्या दिवशी वाटाड्याने लांडग्याची म्हणून दाखवली होती तशीच. तिने फार वेळ वास घेतला. मग पाठीवरचे केस उभे राहिले, शेपूट खाली गेली आणि तिने आम्हांला गाडीकडे ओढत नेले. वाटेत एक मेंढपाळ भेटला. त्याची दोन कुत्री मेंढरांच्या दोन्ही अंगांनी चालत होती, ठमीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. लांडग्याने कधी नुकसान केले का, असे मी विचारले. "करतोय की. वर्साला एखाददुसरं नेतोय," तो म्हणाला. "त्योबी हितलाच हाय, ताई. मोकाट कुत्र्यांचं काय करायचं, ते सांगा."

भिगवणविषयी फार लिहीत नाही. उजनीच्या जलाशयावरचे रोहित पक्षी पुष्कळांनी पाहिले आहेत. चैत्रात त्यांचे थवे विरळ होऊ लागतात, आणि हिवाळ्यात आलेले पट्टकदंब तर हिमालयापलीकडे निघून गेलेले असतात. आमच्या स्मरणात भिगवण राहील ते निराळ्याच कारणाने. कुंभारगावच्या काठावर, दोरीच्या पंधरा फुटांच्या आत, एक कुजका मासा पडलेला होता. ठमी त्याच्यावर पाठ टेकून जी आनंदाने लोळली तसा आनंद मी कुठल्याही प्राण्याच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. जन्मभर ज्या वासाच्या गल्लीतून नाकाला पदर लावून गेले, तो वास मी दोन्ही हातांनी, साबणाने, तीन वेळा धुतला. लेक हसून हसून काठावर बसली. कोळीणबाईंनी आपणहून दोन बादल्या पाणी आणून दिले. मावशी, तुमचे उपकार आहेत.

राशीनवरून कर्जतकडे जाऊन शेवटचा मुक्काम रेहेकुरीला. काळवीटांसाठी १९८० साली राखलेले हे अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. पुन्हा तीच पाळी, तेच दार. माझी पाळी आली तेव्हा दोन काळवीट नर शिंगांत शिंगे अडकवून उभे होते आणि माद्या त्यांच्याकडे पाठ करून चरत होत्या. परत बाहेर आले तर ठमी लेकीच्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती आणि लेक तिच्या पंजांतून कुसळे काढत होती. वाळलेल्या कुसळी गवताचे टोक भाल्यासारखे असते. केसांतून कातडीत शिरते आणि पुढेच जात राहते. रोज रात्री अर्धा तास हे काम चाले. मी चिमटा घेऊन शेजारी बसले.

घरी आल्यावर यांना सगळे सांगितले. भाकऱ्यांच्या गोष्टीवर हे काहीच बोलले नाहीत. मीही दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे बारा थापल्या. मात्र त्या सायंकाळी दुकान वाढवून आल्यावर यांनी डायरी काढली. आमच्या कार्यालयाच्या व्यवस्थेत हे आहेत. वैशाखातल्या तारखा बहुतेक भरलेल्या होत्या. प्रत्येक लग्नानंतर उरलेले अन्न एक टेंपोवाला घेऊन जातो, ते नेमके कुठे टाकतो, असे यांनी त्याला फोन करून विचारले. त्याने गावाबाहेरची जागा सांगितली. ती माळाच्या कडेचीच निघाली. "इतक्या वर्षांत आजच कसं इचारलंत, शेठ?" तो म्हणाला. जयंतीनंतर व्यवस्थापकांची बैठक आहे, तीत हा विषय घ्यायचा असे ठरले आहे. पशुवैद्य डॉक्टरांना बाजारपेठेतली कुत्री एकदा दाखवून लशीचा खर्च किती येतो तेही पाहायचे आहे. तो आकडा अजून आलेला नाही.

लेक ठमीला घेऊन पुण्याला गेली. एक कुसळ उजव्या कानात राहून गेले होते, ते तिथल्या डॉक्टरांनी काढले, असा काल तिचा निरोप आला.